स्टेशनपासून पाचशे मीटर

मागच्या वर्षी पुण्यात फ्लॅट बघत हिंडत होतो तेव्हा एका एजंटने मला एक शब्द शिकवला. "सर, ही बिल्डिंग टीओडी झोनमध्ये येते." मी कोड लिहून पोट भरतो, तीन अक्षरी शब्दांची मला सवय आहे, पण हा नवा होता. टीओडी म्हणजे ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट. सोप्या भाषेत सांगायचं तर स्टेशन केंद्रस्थानी धरून त्याच्या भोवती वस्ती आखायची. मेट्रो स्टेशनपासून पाचशे मीटरचा एक गोल काढायचा आणि त्या गोलात जास्त उंच, जास्त दाट बांधायला परवानगी द्यायची. पुण्यात या गोलात एफएसआय चारपर्यंत जाऊ शकतो. नागपुरात मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरचा पट्टा धरला आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये टीओडीचं राष्ट्रीय धोरण आणलं, त्यातही स्टेशनपासून पाचशे ते आठशे मीटर हे अंतर आहे. माणूस आठ-दहा मिनिटं चालू शकतो, असा त्यामागचा हिशोब.

एजंटने सांगितलेला भाव ऐकून घरी आलो आणि गंमत म्हणून मोबाइलवर मॅप उघडला. मलकापूर स्टेशनवर बोट ठेवलं आणि पाचशे मीटरचा गोल काढला. मलकापूर माझं गाव. जिल्हा बुलडाणा, मुंबई-हावडा लाइनवर भुसावळ आणि अकोल्याच्या मधे. पाचशे मीटर त्रिज्येच्या गोलात साधारण ७८ हेक्टर जमीन येते, म्हणजे १९४ एकर. त्या गोलात माझ्या आबाजींची जिनिंग आली, आजीचा चहाचा ठेला आला, मी पहिली आठ वर्षं ज्या भाड्याच्या खोलीत काढली तीही आली. आम्ही टीओडी झोनमध्ये राहत होतो आणि आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिथून हे वेड लागलं. ऑफिस सुटलं की जुनी गॅझेटियरं चाळायची. त्यातून हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

मलकापूर रेल्वेने वसवलेलं गाव नाही. नळगंगेच्या काठचं हे जुनं ठाणं. अकबराच्या काळात नरनाळा सरकारमधला हा परगणा होता. गाव किती खातंपितं होतं याची इम्पीरियल गॅझेटियरमध्ये एक मजेशीर नोंद आहे : १७६१ मध्ये रघुनाथरावाच्या फौजेने लूट करू नये म्हणून मलकापूरने ६० हजार रुपये मोजले. १८०३ च्या उन्हाळा-पावसाळ्यात दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या छावण्या याच भागात पडल्या होत्या. वेलस्लीचं निर्वाणीचं म्हणणं घेऊन आलेला कर्नल कॉलिन्स ३ ऑगस्टला शिंद्यांची छावणी सोडून निघाला आणि युद्ध जाहीर झालं. पुढे सप्टेंबरात असई. शाळेत असई शिकलो, परीक्षेत त्यावर पाच मार्कांचं उत्तरही लिहिलं, पण त्याचा आमच्या गावाशी संबंध आहे हे कोणी बोललं नाही.

म्हणजे गाव होतंच. नदीकाठी होतं, आणि त्याची स्वतःची आखणी होती. नदीपलीकडच्या वस्तीचं नाव पारपेठ, त्या नावातच नकाशा आहे. मग रूळ आले.

रूळ कशासाठी आले? जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ती उभी करण्यासाठी धडपडणाऱ्या जॉन चॅपमनने १८५१ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याचं शीर्षकच 'द कॉटन अँड कॉमर्स ऑफ इंडिया'. लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकेच्या कापसावर अवलंबून राहायचं नव्हतं आणि वऱ्हाडात कापूस होता. दोन वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. नकाशावर बघितलं तर जीआयपीचा हा फाटा कापसाच्या काळ्या मातीतून पूर्वेला सरळ गेलेला दिसतो.

त्याआधी हा कापूस बैलांच्या पाठीवर जायचा. बंजाऱ्यांचे तांडे तो गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत, महिनोन् महिने चालत. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ मध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर माल थेट मुंबईला पाठवला तो ५०० बैलांवर लादून. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून गाड्या धावू लागल्या आणि १८६७ च्या फेब्रुवारीत लाइन नागपूरला पोचली. गंमत बघा, अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ मध्येच संपलं होतं. ज्या तेजीसाठी एवढी घाई, ती रूळ पोचेपर्यंत उतरली होती. प्रोजेक्ट डिलिव्हर होईपर्यंत क्लायंटची गरज बदललेली असणं हे फक्त आमच्याच क्षेत्रात होत नाही.

आता खरा मुद्दा. या लाइनवर स्टेशनं कुठे पडली?

खामगाव ही त्या वेळची वऱ्हाडातली सगळ्यात मोठी कापूसपेठ. मेन लाइन तिच्यापासून आठ मैलांवरून, जलंबवरून गेली. अमरावती तर वऱ्हाडातलं मुख्य शहर. लाइन सहा मैलांवरून, बडनेऱ्यावरून गेली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या सपाटीवरून जाणं स्वस्त आणि सरळ होतं. मग ज्यांच्यासाठी लाइन टाकली त्या बाजारपेठाच बाजूला राहिल्या म्हणून फाटे टाकावे लागले. जलंब-खामगाव फाट्याचं उद्घाटन १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावला येऊन केलं. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! यावरून कापसाचं वजन कळतं.

बुलडाण्यासाठी मात्र कोणी आलं नाही. बुलडाणा जिल्ह्याचं ठिकाण, पण घाटावर, हवा थंड, साहेबांना आवडणारी. तिथे कचेऱ्या होत्या, कापसाची पेठ नव्हती. आजही बुलडाणा शहरात रेल्वे नाही. तिथला माणूस राजूर घाट उतरून पंचेचाळीसेक किलोमीटर मलकापूरला येतो तेव्हा त्याला गाडी मिळते. खामगाव-जालना मार्गाची मागणी तर शंभर वर्षांहून जुनी आहे. लहानपणी मला वाटायचं, आपलं गाव मोठं आहे म्हणून बुलडाण्याचे लोक आपल्या स्टेशनवर येतात.

आबाजी ही सगळी गोष्ट एका वाक्यात सांगायचे. ते जिनिंगमध्ये हमाल होते. कापसातून सरकी निघून रुई झाली, प्रेसमध्ये तिची गाठ बांधली, की ती उचलणं हे त्यांचं काम. एक गाठ साधारण १७० किलोची. मी विचारलं होतं, आबाजी, स्टेशनचा मालधक्का एवढा ऐसपैस आणि माणसांच्या बसायच्या जागी दोन बाकं, असं का? तर म्हणाले, "ठेसन मानसाईसाठी नोयतंच बापा. ते रुईसाठी होतं. मानसं मंगून चढले."

मंगून म्हणजे मागाहून. आणि ते खरंच आहे. सुरुवातीला रेल्वे कंपन्यांचा भर मालावर होता. हिंदुस्थानातली गरीब माणसं तिकीट काढून प्रवास करतील यावर अनेकांचा विश्वास नव्हता. पण तिसऱ्या वर्गाचे डबे भरून वाहू लागले. माणसं आली, तोवर स्टेशनचा परिसर मालासाठी आखून झाला होता.

मालासाठी आखलेला परिसर कसा असतो ते बघायचं तर वर्ध्याला जावं. टीओडी हा शब्द जन्मायच्या सव्वाशे वर्षं आधी विदर्भात एक आख्खं शहर रेल्वे डोळ्यांसमोर ठेवून कागदावर काढलं गेलं, ते वर्धा. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये झाला, त्याचं मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. लाइन येणार हे पक्कं झालं तसं १८६६ मध्ये मुख्यालय नव्या जागी हलवलं. रुंद, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, कचेऱ्या, बाजार. वर्ध्याच्या रस्त्यांचं कौतुक जुन्या लिखाणात जागोजागी आहे, आणि ते रास्त आहे. हंगामात शेकडो गाड्या येणार, तर बैलगाडी वळायला जागा हवी.

पण ती जागा मोकळी नव्हती. तिथे पालकवाडी नावाचं गाव होतं. गॅझेटियरमध्ये त्याचा उल्लेख तेवढाच : वर्धा शहर पालकवाडी या गावाच्या जागी वसवलं. मी हे वाक्य खूपदा वाचलं. गाडी वळायला किती जागा लागते याचा विचार ज्याने केला, त्याने पालकवाडीतल्या माणसाला किती लागते याचाही केला असेल का? नोंद करणाऱ्याला तरी ते लिहावंसं वाटलं नाही.

मलकापूरच्या नशिबी असा कागद आला नाही. इथे जुनं गाव तसंच राहिलं आणि स्टेशनच्या अंगाने दुसरं गाव आपोआप वाढलं. जिनिंग, प्रेस, गोदामं, मालधक्का, अडत्यांच्या पेढ्या. वऱ्हाडातल्या जवळजवळ प्रत्येक स्टेशनाची हीच शरीररचना आहे. कुठे तर स्टेशन गावाच्या नावातच शिरलं. अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव कागदोपत्रीही 'धामणगाव रेल्वे' आहे, कारण एरवी ते आमच्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेपासून वेगळं कसं ओळखायचं?

आणि या मालाच्या गावाच्या फटींमध्ये माणसांचं गाव वाढलं. हमालांच्या खोल्या, खाणावळी, लॉज, टांगे, पुढे ऑटो, केळीवाले, रसवंती. आजीचा ठेला याच फटीत होता. स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला. रात्रीच्या गाडीने उतरलेला आणि पहिल्या एसटीने बुलडाण्याला जाणारा माणूस मधले तीन-चार तास कुठे काढणार? आजीकडे. तिच्याकडे वेळापत्रक नव्हतं, पण कुठली गाडी किती लेट आहे ते ती दूध तापवण्याच्या अंदाजावरून सांगायची. बाबा त्या ठेल्यावर कपबशा धूत शिकले आणि पुढे एका अडत्याकडे मुनीम झाले. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी कुठून आली याचा माग काढला तर तो त्या गोलातच जाऊन थांबतो.

मी दहावीत असताना एका सकाळी गाडी आली आणि ठेला उचलला गेला. रस्ता रुंद करायचा होता. आजी भांडली नाही. शेगडी तेवढी परत मागितली. रस्ता खरंच रुंद झाला, खोटं कशाला बोलू. चालायला बरा झाला. फक्त रात्री उतरणाऱ्या माणसाला चहा मिळेना, आणि पुढच्या दोन वर्षांत तिथे दुसऱ्या कोणाचे तरी चार ठेले उभे राहिले. ते अजून आहेत.

रस्त्याच्या बाजूने बोलणारेही असतात, आणि त्यांचं म्हणणं सरळ बाद करता येत नाही. मुंबईचंच बघा. लाइट रेल, लाइट रेल म्हणून आज ज्याचं कौतुक होतं ती आपली ट्रामच आहे, थोडी सुधारलेली. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. दादर टीटी असं आपण आजही म्हणतो, त्यातलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, नाव उतरायला तयार नाही. त्या दादर-माटुंग्याची आखणी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने केली. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, १८९८ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या आणि उत्तरेला मोकळ्या जागेत नवी उपनगरं वसवायची. दादर-माटुंगा योजना सुमारे ४४० एकरांची, म्हणजे माझ्या मलकापूरच्या गोलासारखे सव्वादोन गोल. रुंद रस्ते, झाडं, बेताची उंची, मधे बागा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बगीचे. आजही तिथून चालताना जीव सुखावतो, माझा तरी सुखावतो. मुंबईत इतकं नीट आखलेलं फार थोडं आहे.

फक्त प्लेगच्या नावाने ज्यांच्या चाळी पाडल्या ती माणसं माटुंग्याला राहायला गेली नाहीत. त्यांना ते भाडं झेपणारं नव्हतं. तिथे कारकून गेले, वकील गेले, शिक्षक गेले. गरीब माणूस जवळच्या दुसऱ्या चाळीत शिरला आणि ती आणखी कोंदट झाली.

दुसरं उदाहरण मी स्वतः बघितलेलं. कंपनीने तीन महिन्यांसाठी अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या हिल्सबरोला पाठवलं होतं. रोज लाइट रेलने जायचो. वाटेत ओरेंको नावाचं स्टेशन लागायचं. टीओडीच्या अभ्यासात या स्टेशनचं नाव जगभर घेतात : स्टेशनपासून चालत जायच्या अंतरावर घरं, खाली दुकानं, वर फ्लॅट, मधे हिरवळ. लाइट रेल तिथे १९९८ मध्ये आली. मी एका रविवारी नुसता उतरून हिंडलो. ओरेंको हा शब्द कुठून आला, तर ओरेगन नर्सरी कंपनी, तिची आद्याक्षरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कंपनीने रोपवाटिकेतल्या कामगारांसाठी तिथे एक गाव वसवलं होतं, तेही विजेवर चालणाऱ्या रेल्वेच्या काठी. कामगारांत बरेच हंगेरीहून आलेले. कंपनी बुडाली, गाव ओसरलं. नव्वद वर्षांनी पुन्हा रूळ आले आणि पुन्हा वस्ती आखली गेली. कॉफी छान होती. दुकानाच्या खिडकीत घरांच्या जाहिराती लावल्या होत्या. त्या किमतींत रोपं लावणाऱ्या माणसाला तिथे आता काय मिळालं असतं असं मनात आलं, आणि आजीची शेगडी आठवली.

म्हणून मी आखणीच्या विरोधात आहे असं समजू नका. आखणी नसली की काय होतं तेही आम्ही भोगलं आहे. आमच्या खोलीच्या दारात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचायचं, आणि रात्री नऊनंतर स्टेशनहून एकट्या बाईने घरी येणं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला. माझं म्हणणं इतकंच आहे की गोल काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण असतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. वर्ध्याला कापसाची गाडी होती. माटुंग्याला पगारदार होता. पुण्यातल्या गोलात एफएसआय आहे, आणि हिशोबाने बघितलं तर मी आहे. स्टेशनजवळ दाट वस्ती करायची ती लोकांनी मेट्रोने जावं म्हणून. पण गोलातली जागा महागली की मेट्रोची खरी गरज असलेला गोलाबाहेर जातो आणि आत येतो माझ्यासारखा, ज्याला चारचाकीचं पार्किंगही हवं असतं. मी एजंटला पार्किंगचं विचारलं होतं, कबूल करतो.

शेजारच्या शेगावचं मात्र वेगळं झालं. तेही कापसाचंच स्टेशन. पण १८७८ मध्ये गजानन महाराज तिथे प्रकट झाले आणि हळूहळू त्या स्टेशनावर रुईपेक्षा माणसं जास्त उतरू लागली. मग गावाचा आराखडा भाविकांच्या पायांनी ठरवला. रस्ते, भक्तनिवास, स्टेशनवरून मंदिरापर्यंत जायची सोय. तिथेही मंदिराभोवतीच्या जुन्या वस्त्या हलवल्या गेल्या. पण रात्री-अपरात्री उतरणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न शेगावात निदान कोणीतरी स्वतःला विचारलेला दिसतो.

आता मलकापूरचं नावही अमृत भारत स्टेशन योजनेत आहे. स्टेशन नटेल, बाहेरचा परिसर आखला जाईल. चांगलंच आहे. १९०१ मध्ये १३ हजारांचं असलेलं गाव २०११ मध्ये ६७ हजारांवर गेलं, आणि मुख्य दरवाजा तोच आहे.

फ्लॅटचं शेवटी ठरलं. गोलाच्या काठावरचा, एक बेडरूमचा. बाबांना दाखवायला बोलावलं. महाराष्ट्र एक्सप्रेसने आले, मग पुणे स्टेशनातून मी त्यांना मेट्रोने नेलं. सरकत्या जिन्यावर हात घट्ट धरून होते. उतरल्यावर बिल्डिंगपर्यंत चालत गेलो. बाबा गप्प होते, मला वाटलं दमले. दारात पोचल्यावर म्हणाले, "सातशे वीस पावलं झाले." मुनीम माणूस, मोजल्याशिवाय राहणार कसा.

मग त्यांनी मागे वळून आलेला रस्ता पाहिला. काचेची शोरूम, बँक, एटीएम, औषधांचं दुकान, बॅरिकेड.

"इथी चहा कुठी भेटते रे?"

मी मोबाइल काढला. सगळ्यात जवळचा साडेसहाशे मीटरवर दाखवत होता, गोलाच्या बाहेर. आम्ही चालत निघालो.